सोय कुणाची, सांभाळ कुणाचा?



आजचा विषय ऐकायला जड वाटेल, पण तो आता आपल्या दारात आलेला आहे. गटाचं काम हळूहळू मोबाइलवर चाललं आहे. बैठकीची माहिती, पाहणीचे फॉर्म, प्रशिक्षणाची नोंद असं एकेक काम कागदावरून उठून पडद्यावर जातं आहे. अशा वेळी कुणीतरी जाणकार भेटतो आणि म्हणतो, "ताई, फुकटात मिळणारं सॉफ्टवेअर आहे. मी ते तुमच्यासाठी बदलून देतो. त्याला अजून एक-दोन गोष्टी जोडतो. तुमचं चिन्ह, तुमची भाषा, सगळं तुमच्यासारखं." आपण हो म्हणायचं की नाही? ते ठरवायचं कसं? त्यासाठी लागणारा हिशेब आज मांडू या.

ओपन सोर्स म्हणजे काय

मसाल्याचं बंद पाकीट आणि मसाल्याची कृती यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. बंद पाकीट विकत आणलं की चव मिळते, पण आत काय किती घातलं ते कळत नाही आणि मिरची कमी करता येत नाही. कृती हातात असली की आपल्याला ती बघता येते, बदलता येते आणि शेजारणीला देता येते. ज्या सॉफ्टवेअरची कृती अशी खुली ठेवलेली असते, त्याला ओपन सोर्स म्हणतात. कृती कशी वापरायची याचे नियम असतात, त्याला परवाना म्हणतात. तो पाळून ती कुणालाही वापरता येते. इंटरनेट बघायचं फायरफॉक्स, गाणी आणि चित्रफिती लावायचं व्हीएलसी, पत्रं लिहायचं लिब्रेऑफिस ही सगळी याच जातीची.

"फुकट ते पौष्टिक" असं आपण गमतीनं म्हणतो. इथे मात्र फुकट मिळते ती फक्त कृती. गावची विहीर सगळ्यांची असते, पाण्याला पैसे पडत नाहीत, पण गाळ कुणीतरी काढावा लागतो आणि रहाटाची दोरी कुणीतरी बदलावी लागते. सॉफ्टवेअरचंही तसंच आहे.

आणखी एक गोष्ट. कोणतंही सॉफ्टवेअर एकाच तुकड्याचं नसतं. गोधडी जशी निरनिराळ्या कापडांची, तसं एक ॲप अनेकांनी लिहिलेल्या तुकड्यांचं असतं. चुकीची दुरुस्ती करणाऱ्या तुकड्याला तर संगणकाच्या जगातही 'पॅच', म्हणजे ठिगळच म्हणतात. नवा तुकडा जोडला की दोन खाती उघडतात. पहिलं खातं वापरणारीच्या सोयीचं आणि दुसरं सांभाळाचं. पहिल्या खात्यातली जमा पहिल्याच दिवशी दिसते. दुसऱ्या खात्यातला खर्च मात्र दर महिन्याला थोडाथोडा निघत राहतो, म्हणून तो नजरेत भरत नाही.

वापरणारीची सोय ही चैन नव्हे

आधी सोयीबद्दल बोलू. कारण जाणकार मंडळी कधी कधी म्हणतात, "थोडं अवघड आहे, पण शिकतील बायका." आपल्याला हे मान्य नसावं. ॲप मराठीत असणं, अक्षर मोठं करता येणं, रेंज नसताना चालणं, चुकून दुसरीकडे बोट लागलं तर भरलेली माहिती न जाणं, यांवरच ते वापरलं जाणार की नाही हे ठरतं.

2021 साली महाराष्ट्रातल्या कितीतरी अंगणवाडी ताईंनी सरकारी मोबाइल परत केले, हे तुम्हाला आठवत असेल. मोबाइल तापतात, त्यांची मेमरी पुरत नाही या तक्रारी तर होत्याच, पण माहिती भरायचं ॲप मराठीत नाही हीही मोठी तक्रार होती. रोज गावातली मुलं तोलणारी, गरोदर बायकांची नोंद ठेवणारी बाई पडद्यावरच्या शब्दापाशी अडते, तेव्हा नोंद चुकते आणि दोष तिच्या माथी येतो. म्हणून सोय मागणं हा हट्ट नाही. चूक टाळायची ती पहिली पायरी आहे.

सांभाळात काय काय येतं

आता दुसरं खातं. ॲप एकदा तयार झालं की झालं, असं आपल्याला वाटतं. पण अँड्रॉइडची नवी आवृत्ती साधारण दरवर्षी येते. प्ले स्टोअरचा नियम असा आहे की ॲप मुदतीत नव्या अँड्रॉइडला धरून सुधारलं नाही, तर नवा मोबाइल घेणाऱ्यांना ते तिथून घेता येत नाही. म्हणजे जुन्या मोबाइलवर चालतं आहे, पण नवीन आलेल्या सचिव ताईंच्या मोबाइलवर येतच नाही, असं होतं. शिवाय चोरवाटा सापडत राहतात, त्या बुजवाव्या लागतात. माहिती जिथे साठते त्या सर्व्हरचं भाडं असतं, माहितीची दुसरी प्रत ठेवायची असते, नव्या बाईला शिकवायचं असतं. आणि ज्यानं जोडणी केली त्याला पुण्यात नोकरी लागली, तर पुढे कुणाला विचारायचं हा प्रश्न असतोच.

सांभाळणारा माणूस थकला तर काय होतं, याचं मोठं उदाहरण 2024 च्या मार्च महिन्यात सगळ्या जगानं पाहिलं. 'एक्सझेड' नावाचा माहिती दाबून लहान करणारा एक छोटासा तुकडा आहे. जगभरातल्या असंख्य संगणकांत तो जोडलेला आहे. त्याचा सांभाळ वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस करत होता, तेही पगाराशिवाय. लोक त्याच्यामागे घाईचा तगादा लावत होते आणि त्यानं आपली ओढाताण उघड सांगितली होती. तेव्हा मदतनीस म्हणून एक जण पुढे आला. दोनेक वर्षं नीट काम करून त्यानं विश्वास मिळवला आणि मग त्या तुकड्यात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याला आपल्या संगणकात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो आहे याची शंका आली. त्यानं खोदून पाहिलं म्हणून तो दरवाजा वेळेत सापडला.

गटाच्या कामात हे आपल्या ओळखीचं आहे. सगळा हिशेब एकट्या सचिव ताईंवर टाकला आणि त्यांची कधी विचारपूस केली नाही, तर आज ना उद्या अडचण येणारच. सॉफ्टवेअरमागेही माणसंच असतात.

एकाच घरातून निघालेली भावंडं

आता आपल्या कामाला जवळचं उदाहरण घेऊ. गावोगाव पाहणीसाठी मोबाइलवर जे फॉर्म भरले जातात, त्यांत ओडीके हे नाव मोठं आहे. अमेरिकेत सिएटल शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात 2008 साली गाएतानो बोरिएल्लो या प्राध्यापकांच्या पुढाकारानं हे काम सुरू झालं. रेंज नसलेल्या ठिकाणी साध्या मोबाइलवर माहिती भरता यावी आणि रेंज आली की पाठवता यावी, हा त्याचा हेतू.

त्यांनी सगळं नव्यानं लिहिलं नाही. फॉर्म वाचणारा, हिशेब करणारा 'जावारोझा' नावाचा एक खुला तुकडा तयार होता, तो जोडून घेतला. तोच तुकडा 'कॉमकेअर' नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरनेही घेतला. पोषण अभियानात अंगणवाडी ताईंना पोषण ट्रॅकरच्या आधी जे 'कॅस' ॲप होतं, ते या कॉमकेअरवर उभं होतं. म्हणजे सिएटलचा ओडीके आणि आपल्या अंगणवाडीतलं ते ॲप, दोघांचं मूळ घर एक.

पण पुढे वाटा वेगळ्या झाल्या. कॉमकेअरनं जावारोझाची स्वतःची प्रत काढून आपल्या गरजेप्रमाणे वाढवली. त्यांच्या वापरणाऱ्यांना वर्षभर एकाच बाळाची, एकाच आईची नोंद पुढे चालवायची होती, त्यासाठी बदल हवेच होते. सोयीच्या खात्यात भर पडली. पण वेगळी चूल मांडली की किराणाही वेगळा भरावा लागतो. एका घरात चूक सापडून दुरुस्त झाली, तरी दुसऱ्या घरात ती आपोआप दुरुस्त होत नाही. हे त्यांना झेपतं, कारण त्या कामासाठी त्यांच्याकडे पगारी माणसं आहेत.

तिसरं भावंड म्हणजे कोबो. हार्वर्ड विद्यापीठातल्या मंडळींनी आपत्तीच्या वेळी माहिती गोळा करता यावी म्हणून ते पुढे आणलं. त्यांचं मोबाइलवरचं ॲप ही ओडीकेच्याच ॲपची प्रत आहे, पण त्यांनी बदल थोडे ठेवले. मूळ ॲप सुधारलं की ती सुधारणा घ्यायची आणि आपले थोडेसे बदल तिच्यावर पुन्हा बसवायचे. भाऊ वेगळा राहिला, पण बांधाला बांध लागून. त्यामुळे सांभाळ हलका राहतो.

आणखी एक पदर आहे. मोबाइल नसेल तर संगणकावरही फॉर्म भरता यावा, म्हणून ओडीके आणि कोबो या दोघांनी 'एनकेटो' नावाचा वेगळा खुला प्रकल्प जोडून घेतला. आरोग्यसेविकांसाठी असलेल्या कम्युनिटी हेल्थ टूलकिट या सॉफ्टवेअरनेही तोच जोडला. वापरणाऱ्यांची मोठी सोय झाली. पण ओडीकेमध्ये मोबाइलवर फॉर्म वाचणारा तुकडा जावारोझा आणि संगणकावर वाचणारा एनकेटो, अशी दोन निरनिराळी माणसं एकच कागद वाचू लागली. काही ठिकाणी एकच फॉर्म दोन जागी थोडा वेगळा वागू लागला. टूलकिटवाल्यांनी पुढे एनकेटोची नवी आवृत्ती घेतली, तेव्हा जुने फॉर्म पुन्हा तपासावे लागले. ओडीकेच्या मंडळींनी काही काळ एनकेटोचा सांभाळच आपल्याकडे घेतला आणि नंतर त्याच्या जागी स्वतःचा नवा तुकडा लिहायला घेतला.

यातला कोण चुकला असं नाही. तयार तुकडा जोडल्यामुळे सुरुवातीला लोकांना लवकर सोय मिळाली. सांभाळाचा भार वाढला, तेव्हा त्यांनी हिशेब पुन्हा मांडला. असा हिशेब अधूनमधून मांडावाच लागतो.

दोन्ही खाती एकदम सुधारतात तेव्हा

सोय वाढली की भार वाढतोच असं मात्र नाही. 'कि' हे अक्षर घ्या. संगणक आधी क साठवतो, मग वेलांटी. पण दाखवताना वेलांटी आधी दाखवावी लागते. जोडाक्षरांचं तर विचारूच नका. हे अक्षर जुळवण्याचं काम करणारा तुकडा वेगळा असतो. लिब्रेऑफिसमध्ये पूर्वी विंडोजवर एक, मॅकवर दुसरा आणि लिनक्सवर तिसराच तुकडा हे काम करत असे. त्यामुळे एका संगणकावर नीट दिसणारा मजकूर दुसऱ्यावर वेगळा दिसू शकायचा, आणि सांभाळणाऱ्यांना तीन ठिकाणी लक्ष द्यावं लागायचं. 2017 साली आलेल्या 5.3 या आवृत्तीपासून त्यांनी सगळीकडे 'हार्फबझ' हा एकच खुला तुकडा जोडला. फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइडही तोच वापरतात. जुन्या जोडण्या निघाल्या, अक्षर सगळीकडे सारखं दिसू लागलं, आणि हार्फबझमधली मराठीची एखादी चूक दुरुस्त झाली की फायदा सगळ्यांना मिळू लागला. अनेक जण मिळून सांभाळतात असा तुकडा जोडला, तर भार कमीही होतो.

आमच्या प्रभागसंघात ठरलं ते असं

आमच्या प्रभागसंघात दर महिन्याच्या बैठकीचा गोषवारा मोबाइलवर भरायचं ठरलं. हजेरी किती, बचत किती जमली, कर्ज किती दिलं, हप्ता किती आला. तालुक्याच्या गावचा एक होतकरू तरुण मदतीला आला. ओडीकेच्या ॲपची प्रत काढून आपल्यासाठी वेगळं ॲप करून देतो, असं तो मनापासून म्हणाला.

आम्ही प्रेरिकांना आणि गटांच्या अध्यक्षांना एकत्र बसवून विचारलं, तुम्हाला नेमकं काय हवं? मागण्या पाच निघाल्या. अक्षर मोठं हवं. पडदा बोटानं सरकवायला जमत नाही, त्यासाठी बटण हवं. प्रश्न मराठीत हवेत आणि ज्यांना वाचायला अवघड जातं त्यांना ते ऐकू यावेत. पडद्यावर आपल्या संघाचं चिन्ह हवं. पाचवी मागणी एका काकूंची होती. त्या म्हणाल्या, "आमच्या गटाच्या नावावर काय आकडा पाठवला, तो आम्हाला कळला पाहिजे. पोरीनं मोबाइलवर भरलं आणि आम्ही नुसतं बघत बसलो, असं चालणार नाही. पैसा आमचा आहे."

मग एकेक मागणी तपासली. अक्षर मोठं करणं आणि सरकवण्याऐवजी बटण घेणं, या दोन्ही गोष्टी ॲपच्या सेटिंगमध्ये आधीच होत्या. मराठी प्रश्न, त्यांसोबत आवाजाची फीत आणि चिन्हाचं चित्र या गोष्टी फॉर्ममध्ये घालता येतात. फॉर्म म्हणजे एक्सेलसारखा तक्ता असतो. एका रकान्यात मराठी प्रश्न आणि दुसऱ्यात आवाजाच्या फाइलचं नाव. तो तक्ता आमच्यातल्या दोघी-तिघी शिकू शकतात आणि शिकल्याही. आवाज आमच्याच एका प्रेरिकेचा आहे. त्यामुळे 'अंतर्गत कर्ज' हा शब्द आपल्याकडच्या बोलीत ऐकू येतो.

म्हणजे पाचातल्या चार मागण्यांसाठी ॲपच्या पोटात हात घालायची गरजच नव्हती. राहिली काकूंची मागणी. त्या तरुणानं सुचवलं की फॉर्म पाठवला की गटाच्या अध्यक्षांना एसएमएस जाईल असा दुसरा तुकडा सर्व्हरला जोडू. सोय चांगली होती. पण विचारल्यावर पुढचं चित्र स्पष्ट झालं. एकगठ्ठा एसएमएस पाठवायला आपल्या देशात आधी संस्थेची आणि मजकुराची नोंदणी करावी लागते. दर संदेशाचे पैसे पडतात. गटाचा नंबर बदलला की यादी सुधारावी लागते. आणि तो तुकडा बंद पडला, तर दुरुस्त करणारा तो एकटाच.

काकूंची मागणी सोडून देणं आम्हाला मान्य नव्हतं, कारण पाचांतली सगळ्यांत महत्त्वाची तीच होती. म्हणून ती दुसऱ्या रीतीनं पुरी केली. फॉर्मच्या शेवटच्या पानावर सगळे आकडे आणि बेरीज आपोआप दिसतात, एवढं फॉर्ममध्येच करता येतं. प्रेरिका ते पान मोठ्यानं वाचते. अध्यक्ष ते आकडे गटाच्या नोंदवहीशी ताडून पाहतात, जुळले की वहीत तारीख घालून सही करतात आणि मगच फॉर्म पाठवला जातो. एसएमएसचा विषय ठरावात लिहून ठेवला आहे. सांभाळणारी दोन माणसं आणि वर्षाचा खर्च नक्की झाला की तो पुन्हा काढायचा.

तो तरुण नाराज झाला नाही. उलट त्यानं तक्ता भरायचं प्रशिक्षण दिलं. वेगळं ॲप केलं असतं तर आम्ही कायम त्याच्यावर विसंबून राहिलो असतो. आता तो नसला तरी प्रश्न बदलणं, नवा प्रश्न घालणं आमच्या हातात आहे.

हो म्हणण्याआधी विचारायचे प्रश्न

तुमच्या संघात असा प्रस्ताव आला, तर बैठकीत हे प्रश्न मोठ्यानं वाचा.

1. ही सोय कुणी मागितली? वापरणाऱ्या बाईनं, की दाखवणाऱ्यानं?

2. ती सेटिंगमध्ये किंवा फॉर्ममध्ये आधीच मिळते का?

3. बदल करायचाच असेल, तर आपण स्वतः सांभाळू शकतो अशा जागी तो करता येईल का?

4. जोडायचा तुकडा किती जण सांभाळतात? त्यात शेवटची सुधारणा कधी झाली?

5. आपली प्रत मूळ सॉफ्टवेअरपासून किती लांब जाणार? मूळ सुधारलं की ती सुधारणा आपल्याला घेता येईल का?

6. जोडून देणारा उद्या गावात नसेल, तर दुसरं कोण? लिहून ठेवलेलं काही आहे का?

7. उद्या हे बंद करावं लागलं, तर आपली माहिती पूर्णपणे बाहेर काढून घेता येईल का?

या प्रश्नांचं उत्तर नेहमी "नको" असंच येईल असं समजू नका. अंध बहिणीला ॲप वापरता यावं यासाठी एखादा तुकडा जोडावा लागत असेल आणि त्याचा सांभाळ वर्षाला चार दिवसांचं काम असेल, तर ते चार दिवस द्यायलाच हवेत. मात्र ते कोण देणार त्याचं नाव ठरावात हवं.

आणखी एक काम आपल्याला घरबसल्या करता येतं. यातल्या बऱ्याच सॉफ्टवेअरचा अनुवाद स्वयंसेवक करतात. एखादा मराठी शब्द कळत नसेल, बटणावर 'सादर करा' याऐवजी 'पाठवा' असं हवं असेल, तर ते मूळ प्रकल्पाला कळवता येतं. तुमच्यातल्या कॉलेजला जाणाऱ्या लेकीला सांगा, ती लिहून पाठवेल. बदल मूळ ठिकाणी झाला, तर तो आपल्याला वेगळा सांभाळावा लागत नाही आणि पलीकडच्या जिल्ह्यातल्या बायकांनाही मिळतो.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत आपल्या मोबाइलवरच्या गटाच्या कामाची एक यादी करा. प्रत्येक ॲपपुढे दोन रकाने आखा. पहिल्यात, याची आपल्याला काय सोय होते. दुसऱ्यात, हे बंद पडलं तर कुणाला बोलवायचं. दुसरा रकाना जिथे रिकामा राहील, तिथून बोलायला सुरुवात करा.